पालीच्या पडवीतलं थंड भांडं

“भावजी, डॉक्टर गेले.” वहिनींचा फोन आला तेव्हा मी सहज विचारलं, “कोणत्या गावाला?” माझा तरी काय दोष? वहिनींचा नवरा दिगंबर, माझा जुना दोस्त, जनावरांचा डॉक्टर; सदा कुठल्या तरी गोठ्यात गेलेलाच असायचा. पाली ते माजलगाव पट्ट्यातली अर्धी गुरं त्याच्या हातून जन्मली आणि उरलेली अर्धी त्याची फटफटी ऐकून उठून उभी राहायची, असं मी बीडच्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगत आलो. मी वाढवून सांगतो हे सगळ्या बीडला ठाऊक आहे. पण पुढचं वाढवावं लागत नाही... कमी करता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच्या पालीच्या घराच्या पडवीत एक भांडं होतं, दुधाच्या कॅनसारखं. आत बर्फाहून कितीतरी थंड असा पातळ नायट्रोजन, आणि त्यात गाई-म्हशी भरवायच्या वळूंच्या बीजाच्या नळ्या. झेंडूचं फूल बुडवून काढलं की काचेसारखं फुटायचं. आख्खा हिमालय त्यात कोंबलाय, असं मी सांगायचो. हा नायट्रोजन उडून जातो, सारखा भरत राहावा लागतो. विसरलं की आतलं सगळं मेलं.

विशाल, त्याचा एकुलता एक, कॉलेजात असताना त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. वहिनींनी आपली एक दिली. पोराच्या अंगानं ती परकी ठरवली. तेव्हा दिगंबरनं पोराच्या कानाच्या पाळीची चिमूटभर कातडी काढली, नळीत घातली आणि भांड्यात सोडली. “म्हशीच्या कानातून अख्खी म्हैस करायलेत बे. मग पोराच्या कानातून त्याचीच किडनी कावून न्हाई व्हायची? सोताचं मांस अंग कसं नाकारील?” मला ते पटलं. आजही पटतं. आज ना उद्या कुणाचं तरी पोर त्यानं वाचेल. विशालला मात्र तेवढा वेळ मिळाला नाही.

मला वाटलं, आता भांड्यातली ती नळी निघेल. निघाली नाही. हळूहळू दिगंबरच्या तोंडातला किडनी हा शब्द गेला आणि तिथं ‘विशाल’ आला. “विशालचा नायट्रोजन भरायचा हाय,” असं म्हणायचा. मी एकदा थट्टेवर नेलं, “दिग्या, म्हशीची नक्कल दूध तरी देती. हे पोरगं काय देणार?” तो हसला नाही. “त्यानं निस्तं यायचं,” म्हणाला. चहा देता देता वहिनी थांबल्या. “आलं, तर त्याला काय सांगायचं? तू कुणाच्या जागी आलास ते? आन त्याच्याबी किडन्या गेल्या तर? माझ्याकडं आता एकच हाय.” दिगंबरनं बशीतला चहा तसाच ठेवला आणि उठून भांड्याचं झाकण घट्ट केलं.

दिगंबरच्या दहाव्याला बिंदुसरेच्या काठी पिंड ठेवला. कावळे लिंबावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. भाऊबंदांनी शब्द द्यायला सुरुवात केली: वहिनींना अंतर देणार नाही, शेत पडीक ठेवणार नाही. कावळे ढिम्म. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघू लागले. काय राहिलंय हे मला माहीत होतं, वहिनींनाही. त्या माझ्याकडे बघून मान हलवत होत्या... नको म्हणून. मी जन्मभर शब्द फुकट वाटलेला माणूस. हात जोडून बोलून गेलो, “दिग्या, भांडं कोरडं पडू देणार न्हाई.” वाक्य पुरतं संपलं नव्हतं, तोच कावळा पिंडावर होता.

परवा नायट्रोजनची गाडी घेऊन पालीला गेलतो. झाकण काढून लाकडी पट्टी आत बुडवली. वर काढली तर तळाशी बोटभरच पांढरं दहिवर धरलं होतं, म्हणजे नायट्रोजन तेवढाच उरलेला. वहिनी उंबऱ्यात बसलेल्या. “शब्द तुमी दिला, कावळ्यानं घेतला,” म्हणाल्या. “त्या पोराला इचारलं का कुणी?” ती कातडी जिवंत आहे की कधीचीच मेली, कुणालाच माहीत नाही. बाहेर काढल्याशिवाय कळायचं नाही. मी भरत राहिलो. भांड्याच्या तोंडातून पांढरी वाफ उतू गेली आणि फरशीवरून सरपटत उंबऱ्याकडं निघाली. वहिनींनी पटकन पाय वर घेतले.

मग हळूच पुन्हा खाली, त्या वाफेत सोडले.