कोई नहीं, साहब

ये वं पोरी, अशी जवळ बस. आजीच्या घरी येते अन् दारातच घड्याळ पाहते, हे काही बरं नाही. आज ऐकूनच जा.

नागपुरात सदर भागात एका बंगल्यामागच्या आउटहाउसात आम्ही मायलेकी राहत होतो. आई बंगल्यात सैपाक करे. पाहुणे आले की बाईसाहेब मले बोलावत. 'ए बंगालन, दाखव यांना, फौज आली की तू काय करायचीस.' मी गालिच्याबाहेर उभी राहायची. दोन्ही हात वर, मान खाली. 'कोई नहीं, साहब. घर में कोई नहीं.' पाहुणे हसत. मग बशीतलं एक बिस्कुट भेटे.

ते वाक्य बापानं शिकवलं होतं. एकाहत्तर साली पूर्व बंगालात आमच्या गावावर पाकिस्तानी फौजेचा कब्जा होता. जवान पोरं उचलून नेत. लहान पोरीवर कोणी शक घेत नाही, असं बापाले वाटे. फौज दिसली की माझा दादा घरामागच्या तळ्यात उतरे. जलकुंभीच्या पानांत लपून, नाक तेवढं वर.

एका दुपारी शिपाई आले. मी हात वर केले, वाक्य म्हटलं. त्यांले पटलं. पण गेले नाहीत. तळ्याच्या काठीच बसले. भात शिजवला, बंदुका पुसल्या, झोपले. आम्ही तिकडं पाहूही शकत नव्हतो. ते गेल्यावर बापानं हाक मारली. दादा वर आला नाही. गारठला का दम सुटला, कळलं नाही.

मग सरहद्द ओलांडली. बाप निर्वासितांच्या छावणीत हगवणीनं गेला. नागपुरात आईले हे काम भेटलं. तिनं एकदा रडत रडत बाईसाहेबांले सारं सांगितलं. त्यांनी त्याचा खेळ केला. दादाचं तेवढं वगळून.

मी कुरकुर केली की आई म्हणे, 'बोलून टाक वं. हे छप्पर गेलं तर कुठं जाऊ?'

एक दिवशी एका पाहुण्यानं हसत हसत विचारलं, 'आणि खरंच कोणी नव्हतं का गं घरात?'

मी हात खाली घेतले.

'होता. माझा दादा होता. तळ्यात मेला.'

पाहुण्यानं कप खाली ठेवला. बाईसाहेब म्हणाल्या, 'नीट म्हण. पहिल्यासारखं.' दारात आई ट्रे घेऊन उभी. तिचे ओठ हलले, 'म्हण.' मी आईकडं पाहून सांगितलं, 'नाही म्हणत.'

सांजेले आमचं गाठोडं बाहेर. खापरखेड्याच्या वीजघराजवळ मजुरांच्या झोपड्यांत गेलो. बरं केलं, असं आई मरेपर्यंत म्हणाली नाही. मी किराण्याच्या पुड्यांच्या कागदावरून वाचायले शिकली, ते तिथंच.

आताही कुठून ही गोष्ट ऐकून कोणी कोणी येते, कॅमेरा घेऊन. 'आजी, ते हात वर करून दाखवा ना.' मी सांगते, बसा, दादाची गोष्ट ऐका. तो तळ्यात कसा पोहायचा, मले कसा चिडवायचा. त्यांले ते नाही पायजे. मग मी दार दाखवते. मेली तरी हे हात कोणासमोर वर नाही होणार.

तुझी आई म्हणते, जुनं काहून उगाळून राहिली? मी विषय काढला की उठून जाते. तिच्या सख्ख्या मामाची गोष्ट आहे ही. परत लवकर ये बाई, अन् तिले घेऊन ये. या खेपेले मी तिले उठू देणार नाही.