व्हिप जालिंदरला, हात सुनंदाताईंचा

“वकीलबाई, व्हिप बजावला. सही हाय, फोटो हाय, व्हिडिओबी काढलाय,” आबा फोनवर सांगत होते. आवाज ऐकून वाटावं, निवडणूक झाली आणि मिरवणूकही निघाली.

पंचायत समितीच्या सभापतीची निवड त्याच दिवशी दुपारी होती. आबा माझे पक्षकार, आघाडीचे गटनेते आणि उमेदवारही. बहुमत एका मताचं. त्या खुर्चीसाठी त्यांनी निम्मं आयुष्य घासलं होतं. एक हात इकडचा तिकडे झाला की संपलं.

व्हिप म्हणजे डिक्शनरीत चाबूक. आमच्या कामात तो साधा कागद असतो. अमक्यालाच मत द्या, असा गटाचा लेखी आदेश. तो मोडला तर सदस्यपद जाऊ शकतं. पण आदेश त्या सदस्यापर्यंत पोचला होता, हे आधी सिद्ध करावं लागतं. कागद घ्यायला कोणी नकार दिला, तर पंचांसमोर दाराला चिकटवायचा. हे आबांना मी इतक्यांदा सांगितलं होतं की मलाच कंटाळा आला होता.

विश्रामबागच्या ऑफिसात बसून मी आलेले फोटो बघत होते. मतं फुटू नयेत म्हणून निवडीआधी मेंबरांना सहलीला नेऊन ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. हे मंडळ महाबळेश्वरला होतं. एका फोटोत झुबकेदार मिशांचा गृहस्थ व्हिप छातीशी धरून उभा होता.

“आबा, हे कोण?”

“जालिंदर. आपला मेंबर.”

“मेंबर सुनंदाताई आहेत ना?”

“व्हय. त्येचीच मंडळी. एकच की.”

मी कपाळाला हात लावला. जागा महिलांसाठी राखीव, निवडून आल्या सुनंदाताई. पण बॅनरवर फोटो मोठा जालिंदरचा आणि अख्खा तालुका ‘मेंबर’ म्हणायचा तो त्यालाच. सहलीची गाडी दारात आली तेव्हा गाय व्यायला झाली होती, म्हणून ताई घरी थांबल्या. जालिंदर बॅग घेऊन गाडीत बसला. कुणालाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही. विरोधकसुद्धा त्यालाच पळवायला टपले होते म्हणे!

निदान जालिंदरनं बायकोच्या कानावर घातलंय का, असं मी विचारलं. आबा म्हणाले, “कसं घालंल? फोन तर आमीच काढून घेतल्यात, आन् तिच्याकडं फोनच न्हाई. तुमी काळजी करू नका. मीटिंगला मी सांगतो तिला.”

मी व्हिपची दुसरी प्रत घेतली, कारकुनाला गाडीत घातलं आणि निघाले. उंब्रज मागं टाकून ताईंच्या वाडीवर पोचले, तर त्यांच्या सासूबाई एकट्याच गोठ्यात. “ती मगाशीच वडापच्या जीपनं गेली की तालुक्याला. कालवड झाली,” त्या म्हणाल्या. आनंदाची बातमी होती, पण मला आनंद होईना.

सभागृहाशी पोचले तेव्हा सहलीची बस ऐन वेळी येऊन मेंबरांना आत सोडून गेली होती, आबांना ताईंशी बोलायला वेळच मिळाला नव्हता. सभा सुरू झाली होती, दार बंद. बाहेरच्यांना आत प्रवेश नाही. मी खिडकीशी उभी राहिले. शेजारी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून जालिंदर उभा. त्यालाही प्रवेश नव्हता.

आबांच्या नावाला हात वर झाले. सुनंदाताईंचे दोन्ही हात मांडीवर. आबा डोळ्यांनी खुणा करून दमले. मग विरोधी गटाच्या सुभेदारांचं नाव पुकारलं आणि ताईंचा हात सरळ वर गेला.

जालिंदर पुटपुटला, “आवं, तिला कुणीतरी सांगायला पायजे हुतं.”

आबांनी ताईंचं पद रद्द करायचा अर्ज केला. हरणार हे मला माहीत होतं. आबांना तसं सांगितलंही, पण त्यांना राग होता आणि मला वकीलपत्र. जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या सुनावणीत मी सही, फोटो, व्हिडिओ सगळं मांडलं. साहेबांनी फोटो बराच वेळ बघितला आणि विचारलं, “यात सदस्य कोण?”

मी फाइलची पानं उलटू लागले. मग त्यांनी ताईंनाच विचारलं, व्हिप मिळाला होता का?

“मला कुणी काय सांगितलंच न्हाई साहेब,” ताई शांतपणे म्हणाल्या. “आमच्या वाडीच्या रस्त्यासाठी एकटं सुभेदार भांडत्यात. मग मी माझ्या मनानं मत दिलं.”

अर्ज फेटाळला गेला. बाहेर येऊन आबांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, “पुढच्या बारीला दोघांनाबी सहलीला न्यायचं.”

त्यानंतर मी बरेच व्हिप बजावले. कागद हातात देण्याआधी एकच विचारते, मतदानाला हात कोण वर करणार? आपल्याकडे या प्रश्नावर लोक अजून थोडा वेळ विचार करतात.