अंजूच्या अळ्या

लिह्य पोरी, तुह्या अंजूआत्याचं लिह्य. तू तिले पाह्यलं ते कारंज्यात, तिच्या सासरच्या धाब्याच्या मांगं चुलीपाशी पोळ्या लाटतानी. तुले वाटत असन, आत्या पयल्यापासूनच अशी, हो-नाईच्या पुढं न बोलणारी. नाई वं माय. नववीत होती तवा इतकी बोले का तुहे आबा म्हणत, हिले सरकीच्या मशीनपाशी बसवा, मशीनचा आवाज तरी दबन.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. आपलं घर तवा गिरडच्या अलीकडं, अन् अंजू एसटीनं समुद्रपूरच्या शाळेत जाये. तिथं प्रेमदास सर विज्ञान शिकवत. पोराइले वर्गात कमी बसवत अन् बाहेर जास्त फिरवत. एकडाव गिरडच्या टेकडीवर नेलं अन् गोटे दाखवले. अंजू घरी येऊन मले सांगे, माय, हे गोटे जमिनीच्या पोटातल्या आगीतून आले. मी म्हटलं, बाई, तो तर व्यापाऱ्याचा किराणा हाय, टेकडीवरल्या दर्ग्याच्या बाबानं शाप देऊन गोटा करून टाकला, साऱ्या जगाले ठावं हाय. हासली माह्यावर. दुसऱ्या डावा सरानं नागपूरकडं नेलं, कापसाच्या सरकारी वावरात. तिथून आली अन् पोरगी दुसरीच झाली. जेवाले बसली तरी कापसाचंच बोले.

त्या साली बोंडअळीनं कापसाची पऱ्हाटी चाटून खाल्ली. फवारे मारमारून माणसं थकले. मंग आमी बाया अळ्या हातानं येचो अन् घासलेट-पाण्याच्या डब्यात टाको. सपनातबी तेच दिसे. अन् तिकडं अंजू शाळेत अळ्या पाळून राह्यली होती. मले हे मांगून समजलं. प्रोजेक्ट म्हणे ती, मले वाटलं पुठ्ठ्याचं घर-गिर करत असन. दवाखान्यातून मांगून आणलेल्या तीस काचेच्या बाटल्या, एकेकीत एक अळी. दोघी संग ठेवल्या का एकमेकीले खाते म्हणे. तोंडाले चिंधी, बुडाले माती, अन् रोज वहीत लिहणं, आज किती वाढली, काय खाल्लं, औषध लावलेलं पान देल्लं तर मेली का जगली.

एक दिवस सर घरी आले. आबाले म्हणाले, रूपरावजी, दहावीनंतर हिले हिंगणघाटले सायन्सले टाका, पोरगी लय पुढं जाईन. आबा म्हणे, पुढं म्हणजे कुठवर मास्तर, हिंगणघाटच्या पुढं तर वर्धा लागते. सारे हासले, पण सर उठेनात. शेवटी आबानं शब्द देल्ला. दिवाळीनंतर तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. त्याच्यात नंबर लागून पोरगी जिल्ह्याले गेली तर शिकवीन, नाई तर दहावी झाली का पाहुणे पाहीन. सर म्हणाले, मंजूर. दाराआड अंजू उभी होती. तिनं माहं मनगट असं दाबलं का बांगडी रुतली.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या, शाळेले कुलूप. अळ्याइले चारा कोण टाकन? म्हणून तिनं बाटल्या पिशवीत भरून घरी आणल्या, अन् आबाच्या भेवानं मांगच्या खोलीत कोठीच्या आड ओल्या पोत्याखाली लपवल्या. मले सांगतलं नाई. मीबी कवा इचारलं नव्हतं, का बाई तू करते काय.

धनतेरसच्या आगंमांगं मी भिंतीले पोतारा कराले खोली रिकामी केली. पोतं उचललं तर बाटल्या. आत हिरव्या जाड्या अळ्या, बोंडं कोरून राह्यल्या. माहं डोस्कंच तापलं. जिले दिवसभर वावरात मारो, ते माह्या घरात माजून राह्यली! काई इचार नाई केला. साऱ्या बालटीत ओतल्या, उकिरड्यावर नेल्या अन् घासलेट टाकून काडी लावली. बाटल्या राखेनं घासल्या अन् ओट्यावर पालथ्या घातल्या. लोणच्याले होतीन म्हटलं.

अंजू वावरातून आली, ओढणीत कवळी बोंडं.

"माय, याच्यातल्या अळ्या?"

"जाळल्या. घरात कोणी अळ्या पोसते काय वं?"

"मातीत कोश होते."

"मातीबी फेकली."

ती ओट्यावर बसली. रडली नाई. धडा सांगाव तसं मले सारं सांगतलं. अळीचं पाखरू व्हाले महिना लागते, अन् प्रदर्शन बारा दिवसावर. तिनं शोधलं होतं का अळी बारकी असतानी औषध लागू पडते, मोठी झाली का कितीबी फवारा, काई होत नाई. अन् आपण सारे मोठी दिसल्यावरच फवारतो.

दुसऱ्या दिवशी सर आले. तिनं सांगतलं, "माह्याच हातून सांडल्या, सर." मी चहाचा कप घेऊन दारात उभी. आबा खाटेवर. मले वाटलं, पोरीनं झाकलं तर आपण काऊन उघडाव. मी खरं बोलली असती तर सरानं कुठं शब्द टाकला असता, कोणाले सांगतलं असतं. आणखी एक लिह्य. मले तवा आतून थोडं बरंबी वाटलं, का पोरगी आता दूर नाई जात.

प्रदर्शनात ती वही घेऊन गेली अन् रिकाम्या बाटल्या मांडल्या. तपासणारे म्हणाले, अळ्या कुठं हायेत? वही तर कोणीबी लिहते. नंबर एका पोराले भेटला, पवनचक्की फिरे अन् बल्ब लागे त्याचा. सर भांडले म्हणते, पण झालं ते झालं.

दुसऱ्या साली कृषीवाला आला. चावडीवर सांगतलं, अळी बारकी असतानीच फवारा. माणसाइनं माना हालवल्या. आबानं घरी येऊन मलेच ते समजावून सांगतलं, अन् अंजू तिथंच भाकरी वाढून राह्यली होती. दहावीत पयला वर्ग आला तिचा. आबा शब्दाचे पक्के. दोन वर्स घरी ठेवली अन् कारंज्याले देऊन टाकली.

मांगच्या साली मी तिच्याकडं गेलती. तिची लेक तिसरीत. पोरगी कागद घेऊन आली, बाईनं बिया कशा उगवते ते करून आणाले सांगतलं म्हणे. मी मनात म्हटलं, आता बोलन अंजू. अंजूनं कणकीचे हात पुसले, कागद पाह्यला, किती तरी येळ पाह्यला.

"मले काय समजते त्यातलं," म्हणे. "चौकात दुकानात तयार भेटते, बाबाले सांग."

मी तिथंच पाटावर जेवत बसली होती. त्या वक्ताले तरी सांगाव होतं मी त्या पोरीले, का तुह्या मायले समजते, कोणाले समजे नाई इतकं समजते. तोंड उघडलं, अन् मीठ मांगितलं.