तात्पुरता उतार

"किती पायऱ्या?"

कुठल्याही जागेचं नाव काढा, हवालदारांचा पहिला प्रश्न हाच. महायुद्धात दोन्ही पाय गेलेले. चाकं लावलेल्या फळीवर बसून, हातांनी जमीन रेटत ते साताऱ्यात फिरायचे. कचेरीबाहेरच्या लिंबाखाली लोकांचे अर्ज लिहायचे. आत मी कारकून. त्यांच्या लेखी गावात इमारती नव्हत्याच. पोस्ट म्हणजे पाच, दवाखाना नऊ, आमची कचेरी चौदा.

उचलून नेतो म्हटलं की मिशी थरथरायची. "मी काय जोंधळ्याचं पोतं हाय?"

वाचनालय सात. म्हणून पेपर त्यांना दुसऱ्या दिवशी मिळे, चहाच्या डागांसकट. पासष्टची लढाई पेटली, त्यांची जुनी पलटण सरहद्दीवर गेली, तेव्हा मात्र ते मला म्हणाले, "माझी माणसं तिकडं, आन् मला शिळं कळायचं व्हय?"

तेव्हा वाचनालयात नवी फरशी बसत होती. दगडाचा गाडा चढवायला गवंड्यानं पायऱ्यांवर मुरमाचा उतार घातला होता. तो कायम ठेवा, असं हवालदारांनी सुचवून पाहिलं. चिटणीस म्हणजे निवृत्त हेडमास्तर. दर्शनी शोभा जाते, म्हणाले.

मग हवालदारांनी गवंड्याच्या अंगठ्यानिशी अर्ज धाडला : नवी कपाटं चढेपर्यंत उतार काढू नये.

वाचनालयाच्या समितीत बाकी सगळे पेन्शनर कारकून! अर्जाचा निकाल लागेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हा आम्हा कचेरीवाल्यांचा धर्म. कपाटं कुणीच मागवली नव्हती. पण प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं मागवली असतील.

फरशी संपली त्या सकाळी हवालदार निघाले. फळी दोनदा मागं घसरली. आम्ही धावलो, तर त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. तिसऱ्यांदा ते वर पोचले, तेव्हा रस्त्यावरचा टांगेवालाही टांगा थांबवून उभा होता.

आत गेले आणि थांबले. पेपर उंच मेजावर, त्यांच्या डोक्याच्याही वर.

हेडमास्तर उठले. मेजावरचा पेपर घेतला, धोतर सावरून हवालदारांसमोर जमिनीवर बसले.

"जरा मोठ्यानं वाचा, हवालदार. चष्मा घरी राहिला माझा."

चष्मा नाकावर होता. आम्ही सगळेही खाली बसलो.

हवालदार जाऊन वर्षं लोटली. कधी सकाळी त्या वाचनालयात डोकावून बघा. मेज रिकामं असतं. ताजा पेपर फरशीवर पसरलेला, आणि भोवती मांडी घालून बसलेली माणसं. का, ते त्यांनाही सांगता येत नाही.