खारं की गोडं : सूरहून दहिवलीला एक सुट्टी

त्या वर्षीची आमची सुट्टी एका शाळेने ठरवली. ती शाळा आम्ही राहत होतो तिथे नव्हती, हीच तर अडचण होती.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल. ओमानच्या किनाऱ्यावर सूर नावाचं जुनं बंदर आहे, तिथे आम्ही तिघं राहत होतो. माझे यजमान मधुकर, मी आणि आमची साडेचार वर्षांची संघमित्रा, म्हणजे मितू. मधुकर समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात फिटर होते. त्यांचं बालपण कर्जतजवळच्या दहिवलीत गेलं आणि पहिली नोकरी खोपोलीजवळ साजगावच्या कारखान्यात झाली. मी कल्याणची. समुद्र आम्हा दोघांनाही सहलीपुरताच ठाऊक होता. सूरमध्ये तो दाराशी आला आणि आम्हाला त्याचं पुष्कळ शिकावं लागलं.

पहिला धडा पाण्याचा. नळाला यायचं ते खारट, धुण्याभांड्यापुरतं. पिण्याचं टँकरने यायचं. अंगणात दोन पिंपं असत आणि ती दिसायला जुळी. पहिल्याच महिन्यात मी चुकीच्या पिंपातलं पाणी घेऊन आमटी केली आणि वर सवयीने मीठही घातलं. ती आमटी शेजारणीच्या बकऱ्यांनीसुद्धा हुंगून सोडली. एरवी त्या पुठ्ठे खायच्या, एकदा तर वाळत घातलेले माझे उडदाचे पापड फस्त करून गेल्या होत्या. तेव्हापासून मधुकरांनी घरात नियम केला : बोट बुडवायचं, चाखायचं, मग घ्यायचं. मितू बोलायला लागली तशी हा नियम तिने आपलाच करून टाकला. पाणी दिसलं की बोट आत, बोट तोंडात आणि निकाल जाहीर. "खारं." "गोडं." शेजारच्या उम्म सालिमकडे, म्हणजे सालिमच्या आईकडे, दारात मातीचं भांडं टांगलेलं असायचं, त्यातही तिचं बोट जायचं. मी तिला ओरडत धावायचे. उम्म सालिम हसायची आणि हातात खजूर ठेवायची.

बाकी दिवस छान जात. संध्याकाळी किनाऱ्यावर लाकडी गलबतं बांधणारे सुतार बघायचे, वाळत घातलेल्या तारल्यांच्या वासातून नाक धरून पळायचं, ओहोटीला शिंपले वेचायचे. पण तिथे आपल्या मुलांसाठी शाळा नव्हती. ती होती मस्कतला, अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर. आमच्यासारख्यांची मुलं पाच वर्षांची झाली की गावी आजीआजोबांकडे जात आणि आईबाप फोटो पाकिटात ठेवून परत येत. घरोघरी मातीच्या चुली. मितूच्या आजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दहिवलीच्या शाळेत बोलून ठेवलं होतं. मधुकरांनी मान डोलावली होती. मीही अडवलं नव्हतं. शाळा तर हवीच होती. पण बॅगेत मितूचे कपडे भरताना ते परत आणायचे नाहीत, हे लक्षात आलं की मी ते पुन्हा बाहेर काढून घड्या घालत बसायचे.

जुलैच्या भट्टीत निघालो. तेव्हा सूरहून किनाऱ्याने धड रस्ता नव्हता, डोंगराला वळसा घालून आतून मस्कत गाठावं लागे. आता झकास रस्ता आहे, कोणी जाणार असाल तर समुद्र एका बाजूला ठेवत आरामात जा. विमानात गेला त्याहून जास्त वेळ मुंबईत कस्टमच्या रांगेत गेला. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या टपावर दोरीने बॅगा, वर प्लॅस्टिक. कर्जतचं नाव ऐकून ड्रायव्हरने जो आकडा सांगितला, तो मधुकरांनी मनातल्या मनात रियालमध्ये केला असावा, कारण ते घासाघीस न करता आत बसले.

पनवेल मागे पडलं आणि पाऊस लागला. चौकला कर्जतकडे वळायच्या आधी आम्ही एका टपरीवर थांबलो. कांदाभजी, चहा आणि पाण्याचे ग्लास. मितूने तिन्ही ग्लासांत बोट घालून "गोडं, गोडं, गोडं" असं जाहीर केलं. टपरीवाला म्हणाला, "मंग काय, खारं देनार हुतो व्हय?" मी खजील झाले. पुढच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी हिरवं इतकं होतं की डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागला. खाचरांतून लावणी चालली होती. मितू खिडकीला नाक लावून बसली होती. उल्हास नदी दिसली तेव्हा दोन्ही काठ भरून वाहत होती, गढूळ आणि घाईत. ती बघून मितूने गंभीरपणे विचारलं, "नळ कोणी उघडा ठेवला?"

सासूबाईंना मी आई म्हणायचे. ठेंगण्या, काटक, आवाज मात्र शेताच्या दुसऱ्या बांधापर्यंत जाणारा. मधुकर लहान असताना त्यांचे यजमान गेले. थोडं भाताचं शेत, बाकी दुसऱ्यांकडची मजुरी, एवढ्यावर त्यांनी मुलाला शिकवलं. आता घरात त्या एकट्या. नातीसाठी त्यांनी आधीच दप्तर आणि पाटी आणून भिंतीच्या खुंटीला लावून ठेवली होती, घरात शिरताच समोर दिसेल अशी. मितूला नळाची गोष्ट सांगायला सांगून त्या पुन्हा पुन्हा हसत. "तो बंद व्हत नाय गं बाय," म्हणत, "तो वरनंच उघडा हाय." रात्री मितू त्यांच्या कुशीत झोपायला लागली. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी कोंडाण्याची लेणी. आईंनीच ठरवलं, नातीला बुद्धाचं दर्शन घडवल्याशिवाय शाळेत बसवायचं नाही. कर्जतहून एका टेंपोवाल्याने डोंगराच्या पायथ्याच्या गावापर्यंत सोडलं, पुढे चालायचं. पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी सांगते : चपला घालू नका, वाट विचारल्याशिवाय ओढा ओलांडू नका आणि खायचं बरोबर न्या, वर काही मिळत नाही. आम्ही तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी नेली होती. दमून वर पोचलो तर लेण्यांच्या तोंडावरून कड्याचं पाणी पडद्यासारखं कोसळत होतं आणि त्याच्या आड तो मोठा, झिजलेला कमानीचा दगड. आत स्तूपाची पार पडझड झालेली. आईंनी त्याच्यापुढे बसून त्रिशरण म्हटलं. छप्पन साली गावच्या सगळ्यांबरोबर त्यांनी धम्म घेतला, तेव्हा मधुकर लहान होते. मितूने पडत्या पाण्यात बोट धरलं. "गोडं," ती ओरडली. एवढं मोठं पाणी आणि गोडं, यावर तिचा विश्वास बसेना. तिने पुन्हा चाखलं.

येताना मधुकर म्हणाले की इथे राहिली तर पाण्याला तरी तोटा नाही. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

दोन दिवसांनी आईंच्या माहेरी निघालो. भावाला नात दाखवायची होती. माहेर खालापूर तालुक्यातलं, साजगावच्या पुढे आत. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे आता नवी माणसं आहेत आणि त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही. कर्जतहून खोपोलीची एसटी घेतली. साजगावला कारखान्यांच्या चिमण्या दिसल्या तशी मधुकरांनी मितूला आपला जुना कारखाना दाखवला. तिने विचारलं, इथे पण पाणी करतात का? नाही म्हटल्यावर तिचा रस संपला. एसटी सोडल्यावर चिखलातून बरंच चालणं होतं.

गावात शिरताना आधी विहीर लागते. दगडी, रुंद काठाची, पावसाने वरपर्यंत भरलेली. वाटेत आईंनी सहज सांगावं तसं सांगितलं होतं की लहानपणी आमच्या लोकांना तिच्या काठावर चढायची मुभा नव्हती. लांब मडकं ठेवून बसायचं, कोणाच्या मनात आलं तर वरून पाणी ओतणार. कधी कधी दुपार व्हायची. मी असलं माझ्या आईकडूनही ऐकलं होतं. ऐकून चालत राहिले.

काठावर एक तरणी सून पाणी भरत होती. तिची भरलेली कळशी काठावर लखलखत होती. आम्ही दम खायला थांबलो आणि मितू माझा हात सोडवून गेली. बोट कळशीत, बोट तोंडात.

मी हाक मारायच्या आत आई पुढे धावल्या. त्यांनी मितूचा दंड धरून तिला असं मागे ओढलं की पोर चिखलात बसली. आणि त्या तरण्या बाईसमोर कमरेतून वाकल्या. शेताच्या बांधापर्यंत जाणारा तो आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

"बाय, पोर ल्हान हाय. कळलं नाय तिला. ते वतून टाक, दुसरं भर."

बाई बघतच राहिली. आई कोणत्या वस्तीतल्या हे तिला ठाऊक होतं की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. "वतू कशाला?" ती म्हणाली. "पोरीचं बोट ते, इंचू हाय का?" मग मितूला विचारलं, "कसं हाय गं पानी?"

मितूचे डोळे भरले होते, तरी निकाल तिने दिला. "गोडं."

बाईने कळशी कमरेवर घेतली आणि हसत वाटेला लागली. इथे गोष्ट संपली असं मला वाटलं. मी मितूचा चिखल पुसत होते. पण आई तिच्या मागे निघाल्या. सावकाश, अंतर ठेवून, वळणावरच्या जांभळीपर्यंत गेल्या, झाडाआडून पलीकडे बघत उभ्या राहिल्या आणि परत आल्या. काय झालं म्हणून मधुकरांनी विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, चला. भावाच्या घरी जेवण झालं, कोंबडी कापली होती, मितूचं कौतुक झालं. आई हं हं करत होत्या.

परतीच्या एसटीत मितू झोपली. मधुकर शाळेचं बोलत होते, कोणत्या दिवशी बसवायचं, कोण सोडायला जाईल. आई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मदू, पोरीला घिऊन जा."

मधुकरांना वाटलं, त्या रागावल्या आहेत. सगळं ठरलंय, गुरुजींना शब्द दिलाय, असं ते समजावायला लागले.

"तिनं पानी वतलं नाय," आई म्हणाल्या. "मी वळनापतुर जाऊन बघितलं. नाय वतलं."

"मग झालं तर. बदललंय सगळं."

"आरं, पन मी बघाया गेले ना," आई म्हणाल्या. "ही माझ्यापाशी ऱ्हायली तर हीबी बघाया शिकंल."

मला अतोनात आनंद झाला होता, इतका की तो लपवायला मी मितूच्या केसांत तोंड घातलं. आणि हा आनंद शेजारी बसलेल्या आईंच्या पदरातून काढून घेतलेला आहे, हेही मला कळत होतं. त्यांना ती पोर हवी होती. आमच्यापेक्षा कमी हवी होती असं मी म्हणणार नाही.

उरलेली सुट्टी नेहमीसारखी गेली. मितू शाळेत येणार नाही असं मधुकर गुरुजींना भेटून सांगून आले. आईंनी खुंटीवरचं दप्तर काढलं, पाटी त्यात घातली आणि कुरडयांच्या डब्यासोबत बॅगेत ठेवायला माझ्याकडे दिली. "तिकडं शिकव तू," एवढंच म्हणाल्या. निघताना त्या रडल्या नाहीत, टॅक्सी वळेपर्यंत मितूला नदी दाखवत राहिल्या. खुंटी मात्र रिकामी होती आणि ती मला अजून दिसते.

सूरला परतलो तेव्हा पिंपं कोरडी पडली होती आणि बकऱ्यांनी दोरीवर विसरलेला माझा एक टॉवेल अर्धा खाल्ला होता. त्या वर्षी पाटीवर मी मितूला शिकवलं, बरंवाईट. पुढच्या वर्षी मधुकरांनी मस्कतला बदली मागून घेतली, पगार थोडा कमी झाला, शाळा मिळाली. या प्रवासातून काय आणलं असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं फार नाही : कुरडया, सुकट, एक पाटी.

पण परतल्यावरची पहिली संध्याकाळ सांगते. मी अंगण झाडत होते. मितू धावत उम्म सालिमच्या दारी गेली आणि टांगलेल्या मातीच्या भांड्यात तिने बोट बुडवलं. माझ्या तोंडात तिचं नाव आलं होतं. ते मी गिळलं. "गोडं," तिचा आवाज आला. मग उम्म सालिमचं हसू. त्या भांड्यातल्या पाण्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी पाठ फिरवून घरात आले होते.