पूजलेले बाण

माझा साळा तुमसरला हार्डवेअरचं दुकान चालवतो. जे जाड ते चांगलं, एवढ्या एकाच ज्ञानावर त्याचं आजवर भागलं आहे. माझ्या पोरीसाठी नागपूरहून लाकडी बाण आणले तेही तसेच, गजासारखे ताठ. नेमके दसऱ्याला आले, म्हणून बायकोनं ते पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं आणि बजावलं, पूजलेल्या बाणाला हत्यार लावायचं नाही.

धनुष्य मी केलेलं, माझ्या लाकूड-बांबूच्या टालीतल्या धामणीचं, पोरीला ओढता येईल असं नरम. जिल्ह्याच्या संघाची निवड रविवारी होती. यंदा हुकली की तिचं वय निघून जाणार होतं. आणि तळ्याच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी ठेवलेल्या भाताच्या तणसाच्या भाऱ्यावर तिचा प्रत्येक बाण डावीकडे जात होता.

"भाऊजी, पोरीचा हात हालून रायला," पाळीवरून साळा बोलला.

"हात हालला तर बाण चहूकडं जातीन. हे सारे एकाच जागी चालले. असा शिस्तीत हालते का हात?"

"मंग तुमचं धनुष्यच वाकडं असन."

"तुमच्या बाणाले लवता येत नाही, ते बोला ना!"

"बाण कायले लवन? बाण हाये का कारल्याचा वेल?"

स्वतःच्याच विनोदावर तो पोट धरून हसला. सुटलेला बाण धनुष्याच्या मुठीपाशी थोडा लवतो, तिला वळसा घालतो आणि मगच सरळ होतो. नरम धनुष्यावर ताठ बाण चढवला तर तो लवत नाही, मुठीचा धक्का खाऊन बाजूला फेकला जातो. हे त्या माणसाला सांगण्यात अर्थ नव्हता. मी ओरडलो मात्र भरपूर.

शनिवारी बायको कारध्याला बहिणीकडे गेली. मी टालीच्या भिंतीत दोन खिळे ठोकले. पोरीचा जुना बाण सरळ जायचा, पण चिरला होता. तो खिळ्यांवर आडवा ठेवून मधोमध एक कुलूप टांगलं आणि किती लवतो त्याची खूण भिंतीवर केली. मग साळ्याचा एकेक बाण घेतला आणि पिसं सांभाळून, त्या खुणेपर्यंत लवेस्तोवर काचेनं खरवडला.

"बाबा, आईले समजलं तं?"

"हळद लाव वरून. थोडी जास्तच लाव."

रविवारी निवडीत बाण निशाणाच्या मधोमध बसले. पोरगी संघात गेली. संध्याकाळी साळा पेढे घेऊन हजर.

"बाण कोनाचे होते, भाऊजी? बोला, बोला!"

बायको भावाकडे अशी पाहत होती, जणू नेम त्यानंच धरला होता. एरवी बाजारात एका बांबूच्या भावावरून भांडून मी अर्धं मोहाडी गाव गोळा करतो. तोंड उघडणार तोच पोरीनं माझा पाय दाबला. पोरीचा एवढा आनंदाचा दिवस भांडणात घालवायचा नव्हता, म्हणून पेढा गिळला.

तेव्हापासून हा गृहस्थ प्रत्येक लग्नात आपल्या बाणांची कहाणी सांगत फिरतो. मी एकदा गप्प बसलो, तेवढं पुष्कळ झालं. बाण माझ्या टालीत आहेत. ज्याला शंका असेल त्यानं यावं आणि हळद पुसून पाहावं.