संदर्भसूचीतले अनोळखी लोक

गेल्या रविवारी सकाळी सौंदडची पौर्णिमा प्रबंधाचा गठ्ठा घेऊन दारात उभी. मी कॉलेजात ग्रंथपाल होते. रिटायर झाले तरी पोरं संदर्भसूची तपासायला माझ्याकडे येतात... आणि घाबरतात. घाबरावंच.

विषय भूगोलातला, मालगुजारी तलावांचा, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या मालगुजारांनी, गावच्या जमीनदारांनी, बांधलेल्या तलावांचा. दुसऱ्या दिवशी जमा करायची शेवटची मुदत होती.

यादीत पुस्तकांच्या मधेच एक विचित्र नोंद दिसली. चार परदेशी नावं, प्रकाशक नाही, नुसता सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा आकडा... आमच्याकडे लेखांत गाइडच्या मेहुण्याचंही नाव घुसवतात, त्यामुळे माझी शंका लगेच तिकडे गेली. मी सरळ दोन रेघा मारल्या.

"मॅडम, काऊन खोडून राहिल्या?"

"हे कोण? तुझ्या सरांचे अमेरिकेतले सोयरे?"

"नाही जी! यावरच तं सारे नकाशे काढले मी. फुकट देतेत थे लोकं."

"फुकट कोणी काही देत नाही."

तिने लॅपटॉप उघडून त्या नकाशांच्या सॉफ्टवेअरचं इंटरनेटवरचं पान दाखवलं. ते बनवणाऱ्या त्या चौघांनी एवढंच मागितलं होतं... संशोधनात वापरलंत तर आमची नोंद करा. आणि आवृत्ती लिहा, म्हणजे दुसऱ्या कोणाला तेच काम पडताळून बघता येईल.

मला मानावं लागलं. पण पूर्ण नाही... म्हटलं, "तुझी आवृत्ती दाखव."

स्क्रीनवरचा आकडा वेगळा, प्रबंधातला वेगळा! पोरीचा चेहरा उतरला. ती ओळ तिने सिनियरच्या प्रबंधातून जशीच्या तशी उचलली होती. परीक्षकाने तेवढं धरलं असतं, तर नकाशेही उचललेले आहेत म्हणाला असता. चार वर्षं उन्हात तलाव पायी फिरून केलेलं काम, आणि त्यावर चोरीचा शिक्का...

"पुस्तक न उघडता त्याची आवृत्ती लिहिली असतीस?"

"नाही जी... चुकलं."

तिथेच बसून तिने नोंद सुधारली. खोडलेली नावं परत घातली. सोमवारी प्रबंध वेळेत जमा झाला.

ती गेल्यावर मात्र मला चैन पडेना. आमच्या लायब्ररीचा कॅटलॉगही असल्याच मोफत सॉफ्टवेअरवर चालायचा आणि मी त्यावर परिसंवादात पेपर वाचला होता. कपाटातून तो काढला... दोन पानं संदर्भ, बनवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या याद्यांवर शंका घेतली, स्वतःच्या यादीवर कधी नाही.

काल ती नावं शोधून त्या पानावर हाताने लिहिली. छापील पेपर आता बदलणार नाही... पण निदान माझ्या प्रतीत ते लोक आहेत.